तीन ठिपके

"शलाकाताई, जरा येता का? ह्या दोन रेघा एकमेकींना ओलांडून जायला लागल्यात."

अंकुश कानगुडेनं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी उठले. बुधवारची दुपार होती, जेवण अंगावर आलं होतं, आणि मला माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासायचे होते. पीएच.डी.च्या शेवटच्या महिन्यात माणूस भौतिकशास्त्र करत नाही, स्वल्पविराम करतो. मध्ये कुणी बोललं की मला भयंकर राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

आमची खोली विभागाच्या गच्चीवर होती. दोन संगणक, एक डुगडुगतं टेबल आणि बंद पडलेला कूलर, ज्याच्यावर आम्ही डबे ठेवायचो. हरदास सर आम्हा दोघांचे मार्गदर्शक. मी सीनियर, अंकुश माझ्यामागून तीन वर्षांनी आलेला, बार्शीचा. त्याच्या वडलांचं तिथल्या बाजारात वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला हा पहिलाच. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण आकड्यांवर पोराचा जीव होता.

"शुक्रवारी तुझी समिती आहे ना रे?" मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून म्हटलं. "आणि अजून रेघाच ओढतोयस?"

"समितीसाठीच ओढतोय. पण ह्या ऐकंनात."

ती समिती म्हणजे चेष्टा नव्हती. दोन वर्षं झाली की बाहेरचे एक परीक्षक यायचे, काम बघायचे, आणि फेलोशिप पुढे चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवायचे. बंद झाली तर अंकुशला बार्शीला परत जाऊन दुकानात बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

आमचा विषय सांगते. घाबरू नका, चार वाक्यांत होतो. अगदी सूक्ष्म चुंबकांची एक साखळी घ्यायची. सगळे चुंबक एकाच बाजूला थोडे कलवायचे आणि सोडून द्यायचे. शेजारचा शेजारच्याला हलवतो, तो पुढच्याला, आणि साखळीचा एखादा छोटा तुकडा पाहिला तर तो हळूहळू आपला कल विसरून जातो. ह्याला आम्ही समतोलाला येणं म्हणतो. आता कमी कललेली साखळी लवकर विसरेल आणि जास्त कललेली उशिरा, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. जो लांब गेलाय त्याला घरी यायला वेळ लागणारच.

पडद्यावर जास्त कललेल्या साखळीची लाल रेघ वरून सुरू झाली होती, कमी कललेलीची निळी तिच्या खालून. दोन्ही उतरत होत्या. मध्येच लाल रेघ निळीला ओलांडून खाली गेली आणि तिच्याआधी तळाला टेकली.

"नावं उलटी लावलीस," मी म्हटलं.

"उलटी असती तर सुरुवातीलाच उलटी दिसली असती की. सुरुवातीला लाल वरच हाय."

खरं होतं ते. मला राग आला.

"साखळी किती चुंबकांची?"

"सोळा."

"मग टोकाला आपटून लाट परत आली असेल. लहान साखळीत होतं तसं."

"मला पण तसंच वाटलं. म्हणून बारा आणि चौदाची करून बघितली. लाट असती तर ओलांडायची जागा सरकली असती. सरकत न्हाई, ताई." त्यानं टेबलावरची लांबट लाल वही उघडली. प्रत्येक आकडा तो आलेखात टाकण्याआधी त्या वहीत उतरवून ठेवायचा. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे त्याला त्यावरून हसलो होतो. संगणकात फाईल असताना वही कशाला, बाबा? तर म्हणाला होता, दुकानातली सवय आहे. दादा, म्हणजे त्याचे वडील, सांगायचे की काटा हलत असताना त्याला हात लावायचा नाही. आपोआप थांबू द्यायचा. थांबला की आधी लिहायचं आणि मग पटतंय का ते बघायचं.

"मला वाटतं," तो आवाज खाली आणून म्हणाला, "जास्त कललेलीच आधी विसरतीय."

"काहीतरीच! असं कसं होईल?"

"कसं ते मला न्हाई कळलं. पण होतंय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एकाच वाक्यावर उभं होतं: कल जितका जास्त, तितका विसर उशिरा. ते मी सिद्ध केलेलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. सगळेच धरत. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता आणि लगेच कोल्हापूरच्या एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, आणि तीस ओलांडलेली मुलगी अजून "शिकतेय" म्हणून आईला शेजारणींचे टोमणे. अंकुशची लाल रेघ खरी असेल तर तिसरं प्रकरण गेलं, त्याच्याबरोबर चौथं गेलं, आणि मी आणखी दोन वर्षं त्या कूलरवर डबा ठेवणार.

"घोडं कुठं पेंड खातंय ते बघू," मी म्हटलं आणि त्याला उठवून खुर्चीत बसले. "प्रोग्रॅम कुणाचा वापरलास?"

"तुमचाच."

माझा जीव भांड्यात पडला. "मग आधी सांगायचं नाही का! अरे, माझा प्रोग्रॅम दोन्ही साखळ्या एकदम सोडवतो. जिचं उत्तर आधी येईल तिचं आधी लिहितो. त्यामुळे मध्येच कधीतरी लालचा आकडा निळीच्या रकान्यात जातो आणि निळीचा लालच्या. रेघा ओलांडत नाहीयेत, त्यांची अदलाबदल झालीय. मी तो त्रास वर्षभर काढलाय."

त्याचा चेहरा उतरला. "असं होय."

"असंच. थांब, तुला चार ओळी लिहून देते. दर क्षणाला जो आकडा मोठा तो लालचा, लहान तो निळीचा."

चार ओळी लिहिल्या, चालवल्या. लाल रेघ निळीपर्यंत खाली आली, तिला टेकली आणि शहाण्यासारखी वरच राहिली. बघून मला इतकं बरं वाटलं की मी डब्यातला शेवटचा लाडू त्याला दिला. त्यानं लाडू हातात धरला आणि तो पडद्याजवळ वाकला.

"ताई, हितं कोपरा आलाय."

"कुठे?"

"जिथं टेकल्यात तिथं. नुसती अदलाबदल असती तर सरळ केल्यावर रेघा गुळगुळीत व्हायला पाहिजे होत्या. ह्या मोडल्यात."

बोट ठेवलं होतं त्यानं. तीन ठिपके होते तिथे, तीन क्षणांचे आकडे, आणि त्या तीन ठिपक्यांपाशी दोन्ही रेघा गुडघ्यात मोडल्यासारख्या दिसत होत्या. कुणाही जाणत्याला विचारा, असा गुडघा म्हणजे रेघांना कुणीतरी जबरदस्तीनं वळवलंय. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण चार वाजत आले होते, आणि माझे स्वल्पविराम राहिले होते.

"संगणकाचा बारीकसारीक दोष असतो तो. ते तीन ठिपके काढून टाक, रेघ छान वळेल."

"काढू?"

"काढ म्हटलं ना!"

"एकेक साखळी वेगळी चालवून बघू का आधी? म्हणजे अदलाबदलीचा प्रश्नच न्हाई."

"सोळाची साखळी चालायला दोन दिवस लागतात. परवा तुझी समिती आहे. सरांना काय, रिकामा कागद दाखवणार आहेस?"

त्यानं लाडू कूलरवर ठेवला, बोटं पँटला पुसली आणि तीन ठिपके एकेक करून काढले. मी मागे उभी राहून तिन्ही निघेपर्यंत बघत होते. रेघा खरंच सुंदर वळल्या. संध्याकाळी हरदास सरांनी पाहिल्या आणि म्हणाले, "आता बरोबर आहे. शलाकाला दाखवलंस ते बरं केलंस."

गुरुवारी सकाळी मी छपाईच्या दुकानात माझ्या प्रबंधाची परिशिष्टं आणायला गेले. पानं अजून गरम होती. तिथेच उभ्याउभ्या चाळता चाळता एका पानावर थांबले. तिथे काय वाचलं ते पुढे सांगते. आत्ता सांगितलं तर तुम्ही माझी गोष्ट पुढे वाचणार नाही. पानं पिशवीत कोंबली आणि तडक विभागात आले. तीन जिने चढले. गच्चीच्या दाराशी अंकुशचा आवाज ऐकू आला. तो शुक्रवारचं भाषण पाठ करत होता, इंग्रजीत, अडखळत. जास्त कललेली साखळी जास्त वेळ घेते, हे वाक्य तो तीन वेळा चुकला आणि चौथ्यांदा बरोबर म्हणाला. मी शेवटच्या पायरीवर बसले. पाच मिनिटं असेन, की दहा, आठवत नाही. मग खाली उतरले आणि दिवसभर ग्रंथालयात जाऊन बसले.

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबल, मध्ये बिस्किटांची ताटली, एका टोकाला हरदास सर, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. म्हातारे, सौम्य गृहस्थ होते. आम्ही सीनियर मागच्या खुर्च्यांवर. अंकुशनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बोलला चांगलं, कुठे चुकला नाही. शेवटी तो आलेख आला, लाल वर, निळी खाली, दोन्ही गुळगुळीत.

परीक्षकांनी चष्मा काढला. "काम व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "पण जास्त कललेली साखळी जास्त वेळ घेते, हे तर न मोजताही कुणी सांगेल. दोन वर्षांत तुम्हाला नवीन काय सापडलं?"

अंकुशनं पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिलं.

"काही अनपेक्षित? एखादी विसंगती? काहीच नाही?"

अंकुशनं माझ्याकडे पाहिलं. इकडेतिकडे न बघता सरळ माझ्याकडे, आणि बघतच राहिला. मी बिस्किटांच्या ताटलीकडे बघत होते. वरच्या बिस्किटाचा एक कोपरा तुटलेला होता. मी मूग गिळून गप्प बसले.

"नाही सर," अंकुश म्हणाला. "काही नाही."

त्याची फेलोशिप बंद झाली. विनावेतन काम चालू ठेवायला हरकत नाही, असं कागदावर होतं, पण विनावेतन पुण्यात राहायचं कसं ते कागदावर नव्हतं. पंधरा दिवसांत त्यानं खोली सोडली. जायच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले. कूलरवर माझा डबा धुऊन, पालथा घालून ठेवलेला होता.

मला कोल्हापूरची जागा मिळाली.

ह्याला पंधरा वर्षं झाली. मी आता त्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. गेल्या डिसेंबरात आमची एक विद्यार्थिनी धावतपळत माझ्या खोलीत आली. तिच्या हातात परदेशातल्या कुठल्याशा गटाच्या शोधनिबंधाची प्रत होती. "मॅम, हे बघा ना, किती उलटं आहे! जी साखळी समतोलापासून जास्त लांब, तीच आधी पोचते!" तिसऱ्या पानावर आकृती होती. दोन रेघा एकमेकींना ओलांडून जात होत्या, आणि ओलांडायच्या जागी ठिपके होते, सगळेच्या सगळे, कुणी काढलेले नव्हते. मी "छान" म्हणाले. तिला बहुतेक वाटलं असेल की मॅडमना काही समजलं नाही.

त्या शनिवारी मी एसटीनं बार्शीला गेले.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. बाजारात कुणालाही काटेवाले कानगुडे विचारलं की सांगतात. दारात उभी राहिले तर चष्मा लावलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस एका मोठ्या तराजूच्या दांडीला तेल देत होता. मागे भिंतीवर वडलांच्या फोटोला हार. त्यानं मान वर केली आणि क्षणभरही न थांबता म्हणाला, "या ताई. बसा."

मी बसले. कसं आहे, बरं आहे, मुलं किती, दोन, असं सगळं झालं. मग मी ती प्रत त्याच्यापुढे केली. त्यानं आधी हात पुसले. तिसरं पान उघडून कितीतरी वेळ पाहिलं.

"लालच हाय की," तो एवढंच म्हणाला, आणि हसून प्रत मला परत दिली.

"अंकुश, मला तुला काहीतरी सांगायचंय." "त्या गुरुवारी मी छपाईच्या दुकानात गेले होते. माझ्याच परिशिष्टात, माझ्याच प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीची ओळ होती. अदलाबदलीची चूक मी आदल्या दिवाळीत दुरुस्त केली होती आणि साफ विसरून गेले होते. तुला दिलेला प्रोग्रॅम दुरुस्त झालेला होता. तुझं बरोबर होतं. बुधवारी मला खरंच आठवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. पण गुरुवारी आठवलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आले होते मी. आत आले नाही."

"माहिताय मला."

"काय माहितेय?"

त्यानं खाली वाकून लोखंडी कपाट उघडलं आणि ती लाल वही काढली. पान शोधावं लागलं नाही. गुरुवारची तारीख होती. "सकाळी लवकर येऊन बाराची साखळी चालवली. एकेक, वेगळी वेगळी. लहानच साखळी ती, तासाभरात झालं. ओलांडतच होत्या." पानाच्या वरच्या कोपऱ्यात बुधवारचे तीन आकडे होते, प्रत्येकाभोवती पेन्सिलीचा गोल.

मी वहीवरून मान वर केली. "अरे, मग शुक्रवारी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? प्रोग्रॅम बरोबर हाय म्हणालो असतो तर तुमचं तिसरं प्रकरण सगळ्यांसमोर माझ्या तोंडानं पडलं असतं. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. डबा खायला घातलेला. म्हटलं, ताई सांगतील. त्यांच्या त्या सांगतील, मग बरं." तो वही मिटत म्हणाला, "बघितलं होतं की मी तुमच्याकडं."

समोरच्या आडतीत कुणीतरी पोत्यांची संख्या ओरडत होतं.

"मी त्या लोकांना लिहिते," मी म्हटलं. "ही वही दाखवू. तारखा आहेत. तुझं नाव—"

"नको. त्यांनी त्यांचे ठिपके ठेवले, ताई. मी माझे काढले. तुम्ही सांगितलं, पण हात माझाच होता. दादांना कळलं असतं तर त्यांनी दुकानात पाय ठेवू दिला नसता." त्यानं फोटोकडे पाहिलं. "खोटं कशाला बोलू, पहिली तीन वर्षं लई वाईट गेली. दादा त्यातच गेले. शटर उघडायचं मन व्हायचं न्हाई. दोनदा विहिरीपर्यंत जाऊन माघारी आलो. आणि मग कधी बसलं ते माझं मलाच कळलं न्हाई. आता आठवलं तरी आत काही हलत न्हाई. खरंच."

"मला मात्र अजून..." पंधरा वर्षं गोळी घेतल्याशिवाय झोप नाही, बिस्किटांची ताटली दिसली की अजून तोंड फिरवते, हे कुणाला सांगणार?

"दिसतंय की."

"मला माफ कर, अंकुश."

तो तराजूकडे वळला. तराजूच्या एका पारड्यात वजन ठेवलं, दुसऱ्यात ठेवलं आणि हात काढून घेतला. काटा इकडून तिकडे झुलायला लागला. त्याचं ते झुलणं मला बघवेना. हात आपसूक पुढे गेला.

"हात नका लावू, ताई."

मी हात मागे घेतला.

"मी आत्ता माफ केलं म्हणालो तर तुम्हाला बरं वाटेल. स्टँडवर जाईपर्यंत. ते हात लावून काटा थांबवल्यासारखं होईल. आपोआप थांबू दे."

"आणि नाहीच थांबला तर?"

"थांबतो. कमी हललेल्याला जास्त वेळ लागतो कधीकधी." त्यानं माझ्या मांडीवरच्या प्रतीकडे मान केली. "तुम्हीच आणलाय की कागद."

चहा आला. मी दोन्ही हात मांडीवरच्या प्रतीवर ठेवले आणि झुलत्या काट्याकडे बघत बसले.